बिनपाण्याच्या गावातलं दीपगृह

लोक निवृत्त झाले की गच्चीवर जाऊन निवांत बसतात. मी निवृत्त झालो तेव्हा लोकांच्या गच्चीवरून खाली उतरलो. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या घरांच्या डोक्यावर गेलं. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून, नाहीतर अजूनही कुठल्यातरी परांचीवर थापी घेऊन उभा असतो आणि हे वाचायची पाळी तुमच्यावर आली नसती.

माझा मूळ धंदा देवळांची शिखरं बांधायचा. वडिलांचाही तोच. शिखर बांधणाऱ्या मिस्त्रीला आमच्या तासगाव भागात मोठा मान. कळस चढवायच्या दिवशी टॉवेल-टोपी, नारळ, आणि जेवणाची पहिली पंगत आमची. पण एका गावात देवळं असून असणार किती? बरं, एकदा शिखर पक्कं झालं की पुढच्या दोन पिढ्या त्या गावाला मिस्त्रीची आठवण येत नाही. पोट मात्र रोज सकाळी आठवण काढतं.

मला तारलं ते मिलिटरीवाल्यांनी. सातारा-सांगलीकडं घरटी एक माणूस फौजेत. ही मंडळी पंजाबात राहून आली, तिथल्या घरांच्या गच्चीवर विमानाच्या, फुटबॉलच्या आकाराच्या पाण्याच्या टाक्या बघून आली, आणि पेन्शनीत घर बांधताना त्यांना तसलंच काहीतरी हवं झालं. मग त्यांना शिखर बांधणारा कुणाचा हात आठवणार? माझाच.

धंद्याचं मर्म सांगून टाकतो. आत असते साधी काळी प्लॅस्टिकची टाकी, बाहेर असतं मालकाच्या डोक्यातलं खूळ. टाकीभोवती सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी तारेनं बांधायची, आणि जाळीवर सिमेंट थापून आकार काढायचा. अवघड काहीच नाही. अवघड एवढंच, की टाकी धुवायला माणूस आत शिरेल एवढी जागा ठेवायची. ही जागा ठेवायला विसरलेला एक मिस्त्री मला माहीत आहे. त्याचं नाव सांगणार नाही, मेहुणा आहे माझा.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं गच्चीवर द्राक्षाचा घड करून घेतला. जैन मंडळी, बोलायला गोड, पण रंगाच्या बाबतीत भारी काटेकोर. हिरव्याच्या किती छटा दाखवल्या तेव्हा एक पसंत पडली. दोन उन्हाळे गेले आणि तो हिरवा उडून पिवळट तांबूस झाला. मला बोलावणं आलं. मी देवाचं नाव घेत गेलो, तर शेठ खुर्ची टाकून वर बघत बसलेले. म्हणाले, "मिस्त्री, रंगाला हात लावू नका. माल वाळून तयार झालाय."

मेढ्याजवळच्या एका सुभेदारांना रणगाडा हवा होता. केला. तोफेची नळी पूर्वेला काढली. पूर्वेला त्यांच्या धाकट्या भावाचं घर आहे आणि दोघांत बोलणं बंद आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टाकी भरून वाहायला लागली की पाणी काढून द्यायला पाइप लागतो. तो मी अक्कल लढवून तोफेच्या नळीतूनच काढला होता. पहिल्याच दिवशी सुभेदार मोटर बंद करायचे विसरले आणि भावाच्या अंगणातल्या पापडांवर धार पडली. भाऊ तसाच उघड्या अंगानं धावत आला आणि खालून ओरडला, "लढाई पुकारलीस व्हय रं?" सुभेदार वरून ओरडले, "न्हाई रं गड्या, मोटार ऱ्हायली!" कित्येक वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलले ते असं. पुढं अर्धा तास भांडले, पण एकाच ओट्यावर बसून भांडले. नळी आजही तिकडंच आहे.

आता दीपगृहाकडं वळतो. हे लिहायला बसलो ते खरं त्यासाठीच.

कवठे महांकाळच्या पुढं रस्त्याकडेला उतारावर एक गाव आहे. तिथले रंगराव आबा आयुष्यभर पाण्यावर. आधी नेव्हीत, मग मालवाहू बोटींवर. वर्षातून एकदा रजेवर यायचे, घरात दोन पोरींची लग्नं आणि सासू-सासऱ्यांचं आजारपण निभावलं ते त्यांच्या बायकोनं, शालनवहिनीनं. आता कायमचे परत आले होते आणि मळ्यातल्या जुन्या पत्र्याच्या घरासमोर नवा बंगला बांधत होते. मला म्हणाले, "मिस्त्री, टाकीला दीपगृह करायचं."

मी म्हणालो, "आबा, तुमच्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतंय. हितं समुद्राचा दिवा कशाला?"

त्यांनी मोबाइल काढला. आत दीपगृहांचे फोटो एवढे, की मध्येच नातवाचा फोटो दाखवायचा ठरवला तर तो शोधताना त्यांना घाम फुटला. मग नीट सांगायला लागले. "महिनोन् महिने नुसतं पाणी बगायचं, मिस्त्री. परत फिरलं की किनारा दिसायच्या आधी दिवा दिसतो. परत्येकाची उघडझाप निराळी, त्यावरनं कळतंय कुठलं गाव आलं. आपला दिवा दिसला की बोटीवरची सगळी बाप्ये दाढी करायला पळायची. घर आलं म्हणून."

दाढीचं ऐकलं आणि मी काम घेतलं. खरं सांगतो, मी दीपगृह कधी बघितलेलं नव्हतं. समुद्रही एकदाच, गणपतीपुळ्याला. तिथंही शिखर बघण्याच्या नादात समुद्राकडं पाठच होती.

पहिल्या दिवशी सांगाडा उभा करत होतो, तोवर शालनवहिनी बांधावरून आल्या. धिप्पाड बाई, आवाज असा की पलीकडच्या शिवारातला बैल थांबावा. वर न बघताच म्हणाल्या, "मिस्त्री, ते काय चाललंय ते चालू द्या. पण त्यो मिनार हुबा ऱ्हायला तर मी ह्या घराचा उंबरा वलांडणार न्हाई. वास्तुशांतीला ह्यास्नी एकटंच बसायला सांगा."

आता पंचाईत झाली. वास्तुशांतीची पूजा जोडीनं असते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी ठरला होता, पोरी-जावई निघायच्या तयारीत होते. आबा म्हणायचे, "बोलती तशी, यील." पण वहिनी मळ्यातल्या जुन्या घरातून हलायला तयार नव्हत्या, आणि आबा नव्या घराच्या रिकाम्या हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायला लागले. बोटीवर शिकलेला स्वयंपाक स्वतः करायचे. त्या भाजीला काय म्हणायचं ते अजून मराठीत ठरलेलं नाही.

वहिनी रोज चहा मात्र पाठवायच्या. पाठवायच्या कसल्या, स्वतः आणायच्या. किटली आणि बरोबर मोजके कप, माझा आणि माझ्या दोन गड्यांचा. आबांचा कप नाही. आबा माझ्याशेजारी उकिडवे बसायचे आणि मी बशीत ओतून त्यांच्याकडं सरकवायचो. वहिनींना ते दिसायचं, तेव्हा त्या आभाळाकडं बघायच्या. माझे गुडघे धरलेत हे कळल्यावर एक दिवस त्यांनी चोळायला करडईचं तेल आणलं. चपटी बाटली, तोंडाला निळ्या लुगड्याच्या चिंधीचं बूच. दोन दिवस चोळलं आणि बाटली परत केली. ही बाटली ध्यानात ठेवा.

तेल द्यायला आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, "वहिनी, एवढा राग कशाचा? दिवाच हाय की नुसता."

त्या अंगणातल्या कठड्यावर टेकल्या. आवाज एकदम खाली आला. "मिस्त्री, दिवा कुणासाठी असतोय? जो भाईर हाय त्येच्यासाठी. हे तर घरात आल्यात. मग दिवा कुणाला दावायचा? त्यांचं मन अजून तिकडंच हाय. बॅग बगितली का, खुंटीला? भरलेली हाय. मुंबईच्या दोस्ताचा फोन येतोय, बोटीवर माणूस पायजे म्हून. वास्तुशांत झाली की जातील बगा. मला आता वाट बगायचा लय कंटाळा आलाय."

 बॅग मी बघितली होती. निळी, तट्ट भरलेली.  मी स्वतः गावोगाव शिखरं बांधत फिरलो, महिना महिना घरी गेलो नाही, तेव्हा माझ्या बायकोनं, मंगलनं काय केलं असेल हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. तिनं कधी कपाची मोजणी केली नाही म्हणून मला कळलं नाही.

काम चालू राहिलं. आणि इथं माझ्या हातानं घोळ घातला.

दीपगृह खालून वर सरळ निमुळतं होत जातं. आबांनी फोटो दाखवला होता, मी मान डोलावली होती. पण परांचीवर चढलं की फोटो खाली राहतो आणि हात वर जातो. माझा हात शिखराचा. वर चढता चढता त्यानं आपोआप पोट काढलं, मग आत घेतलं, दिव्याच्या काचेखाली एक फुगीर गोल बसवला, आणि काचेच्या वर टोक उघडंबोडकं दिसतंय म्हणून एक कळस. गड्यांनीही काही म्हटलं नाही, त्यांनी जन्मात शिखरंच थापलेली. पांढऱ्या रंगावर लाल पट्टे आबांनी सांगितल्याप्रमाणं बरोबर दिले. परांची उतरवली आणि मी रस्त्यावर जाऊन अभिमानानं बघितलं.

तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं, स्टिअरिंगवरचा एक हात उचलून छातीला लावला. मागच्या खिडक्यांतून सगळ्या बायकांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली.

आबा गच्चीवर उभे होते. एसटी गेली तरी त्यांचं तोंड उघडंच. "मिस्त्री," ते म्हणाले, "दीपगृह सांगितलं तर देऊळ बांधलंत की वो!"

"आबा, हाताची सवय," मी म्हणालो.

"आवं, सवय म्हंजे काय? उद्या कुणी नारळ फोडंल!"

उद्यापर्यंत कुणी थांबलं नाही. संध्याकाळीच फाटकाच्या खांबावर एक नारळ फुटला. संध्याकाळी दिवा लावून बघितला तर तिसराच ताप. दीपगृह म्हणजे उघडझाप आलीच. पण अर्ध्या तासात गावचा वायरमन पकड घेऊन हजर. "आबा, तुमचं कनेक्शन लूज हाय, लांबनं दिसतंय." त्याला समजावून पाठवला. थोड्या वेळानं परत आला, बरोबर दुसरा वायरमन घेऊन.

दुसऱ्या दिवशी आबांनी फर्मान काढलं, कळस फोडायचा आणि पोट तासायचं. मी छिन्नी घेऊन चढणार, तेवढ्यात तानूबाई काठी टेकत फाटकातून आत आली. गावातली सगळ्यात थोर म्हातारी. आबांना लहानपणी तिनं न्हाऊ घातलेलं, त्यामुळं नेव्ही वगैरे तिच्यापुढं चालत नव्हतं.

"रंग्या, कुठला देव बसवलास रं?"

"देव न्हाई आत्ती. दीपगृह हाय."

"ते काय करतंय?"

आबा वैतागले होते, पण विषय त्यांच्या जिवाचा. "आत्ती, जी माणसं घरापासनं लांब असत्यात ना, त्यास्नी अंधारात वाट दिसावी, ती सुखरूप घरला यावीत, म्हून ह्यो दिवा असतोय."

"मग देव आणिक काय निराळं करतोय?" तानूबाई म्हणाली. "माझा नातू बर्फात हाय, बॉर्डरवर. त्येच्यासाठी लाव." आणि पदराखालून तेलाची बाटली काढून पुढं केली.

"आत्ती, विजेवर चालतोय त्यो. तेल लागत न्हाई."

"मग भाकरीवर घे. पण माझ्या नावानं लाव. रोज लाव. एक दिवस चुकवू नगंस, मी दारातनं बगणार हाय. आणि त्यो मिचमिचतोय कशापायी? गावच्या बायकास्नी डोळा मारल्यागत दिसतंय. लोक काय म्हनतील!"

आबा लाल झाले. एवढ्या दर्यावर फिरलेला माणूस, उघडझापेचं शास्त्र सांगायला लागला आणि तानूबाईनं हातानंच थांबवला. शेवटी असं ठरलं की दिव्यानं डोळा मारला तरी चालेल, पण नेमानं मारायचा. आबांनी कबूल केलं. कबूल न करून सांगतात कुणाला.

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. चपटी बाटली. निळ्या लुगड्याच्या चिंधीचं बूच.

 छिन्नी खाली ठेवली आणि बांधाकडं बघितलं. शालनवहिनी जुन्या घराच्या दारात धान्य पाखडत होत्या, आणि त्यांची पाठ हसल्यानं हलत होती.

पुढच्या चार दिवसांत आबांच्या फाटकाला विसावा नव्हता. आमच्या भागात घरटी एक माणूस लांब असतोच. कुणाचा पोरगा फौजेत, कुणाचा नवरा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मद्रासकडं, कुणाची लेक पुण्यात कॉम्प्युटरवर. प्रत्येकीनं येऊन आबांना बजावलं, "माझ्या बी नावानं लावा, चुकवू नका." एकीनं तर विचारलं, "आबा, तुमी कुठं गावाला जानार न्हाई ना? मग दिवा कोन लावनार?" आबांनी तिच्याकडं बघितलं, मग वर कळसाकडं, मग माझ्याकडं असं बघितलं की मी सिमेंट चाळायला निघून गेलो.

त्या संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या. मी एकटाच होतो. "मिस्त्री, म्हंजे आता ह्यास्नी गाव सोडता येत न्हाई?"

"एक दिवसबी न्हाई, वहिनी. सगळ्या गावानं बांधून घातलंय. पण तानूबाईला असं पढवून पाठवायचं म्हंजे..."

"पढवलं कुठं? नातू खरा हाय की तिचा. बाटली तेवढी माझी." मग वर बघून म्हणाल्या, "कळस ऱ्हाऊ द्या. चांगला दिसतोय."

किटलीबरोबर त्या दिवशी एक कप जास्त होता. आबा आले, कप बघितला, आणि आत गेले. परत दारात आले तेव्हा निळी बॅग हातात होती. वहिनींचा चेहरा उतरला. आबांनी ती बॅग हॉलमधल्या सतरंजीवर उपडी केली आणि म्हणाले, "कपाटात कुठं ठिवायचं ते सांग. हितं मला काय बी सापडत न्हाई." वहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. कपडे आत होते. त्या आत गेल्या.

वास्तुशांत जोडीनं झाली. गावच्या बायकांनी दिव्याला हळदी-कुंकू वाहिलं आणि आबांनी सगळ्यांना दीपगृहाची माहिती दिली. कुणीही ऐकली नाही.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण शालनवहिनींचं मन भरलं नव्हतं. दोन महिन्यांनी दीपगृहाला भेगा पडल्या म्हणून मला बोलावणं आलं. माझं काम आहे ते, भेगा पडायच्याच. या वेळी मंगललाही बरोबर घेतलं. पोचलो तर आबा घरात एकटे, कणीक मळत होते. वहिनी बचत गटाच्या बायकांबरोबर कोकणात गेल्या होत्या. "म्हणाली, आता तुमी दिवा सांभाळा, मी जरा समुद्र बगून येती. आयुष्यभर नुसतं ऐकलंय." आबांचा चेहरा असा, की मंगलनं पदर तोंडाला लावला.

रोज दिवेलागणीला वहिनींचा फोन. "लावला का?" एवढंच विचारायच्या. एकदा व्हिडिओवर खरं दीपगृह दाखवलं आणि म्हणाल्या, "हे बुटकं हाय. मिस्त्रींचं चांगलं. ह्याला तर कळसबी न्हाई." मी फोन दोनदा परत लावायला सांगितला, ऐकू नीट आलं नाही असं सांगून.

ज्या दिवशी त्या परतणार होत्या, त्या दिवशी संध्याकाळची एसटी यायला बराच अवकाश होता. ऊन अजून भिंतीवर होतं. मी गच्चीवर भेगा बुजवत होतो, आणि डोक्यावरचा दिवा सुरू झाला. खाली वाकून बघितलं. आबा ओट्यावरच्या बटणाजवळ उभे होते. नवीन शर्ट, गुळगुळीत दाढी, हनुवटीला ब्लेड लागलेलं, त्यावर कागदाचा तुकडा.

मी मंगलला खूण केली. आम्ही दोघंही हसलो नाही.

एसटी आली. वहिनी उतरल्या, हातात शहाळी, नारळीच्या झाडूंचा भारा, तोंड उन्हानं रापलेलं. रस्त्यातूनच ओरडल्या, "आवं, दिवसाउजेडी दिवा लावलाय! आले की मी आता, घालवा त्यो!"

आबा फाटकात होते. त्यांनी झाडूंचा भारा घेतला आणि म्हणाले, "एक बोट लागली म्हून दिवा घालवत न्हाईत. बाकीची अजून भाईर हायेत."

"बोट कुणाला म्हंता?" वहिनी म्हणाल्या, आणि आधी त्यांच्या हनुवटीवरचा कागद नीट चिकटवला.

परत येताना मंगल एसटीत खिडकीशी बसली होती. मी विचारलं, आपल्या टाकीवर काही करू या का? आमच्या घरावर अजून साधी काळी टाकी आहे. तिनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "काय नको. उद्या दाढी करा."